गोव्यातली मॅक्रो फोटोग्राफी : आधी झाड, मग लेन्स

पोफळीखाली

मागे इथल्या एका चर्चेच्या धाग्यावर मॅक्रो लेन्सवरून, म्हणजे किडे अगदी जवळून टिपायच्या लेन्सवरून, बरीच जुंपली होती. ९० मिमी घ्यावी की १००, टॅमरॉन बरी की कॅनन, सेकंडहँड घेतली तर बुरशी निघेल का वगैरे. मी मध्येच बोललो की लेन्स कुठलीही घ्या, पण आंब्याच्या पानावर कोण बसतं हेच ठाऊक नसेल तर ती लेन्स रोखणार कशावर? त्यावर 'मग काढा की वेगळा धागा' असा आदेश झाला. हा घ्या.

मी फोंडा तालुक्यातला. घरामागे कुळागर आहे. पोफळी, माड, केळी, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, पाटाच्या कडेने अळू. कुंपणाला आंबा, वर डोंगराला काजू. माझे बहुतेक फोटो या एवढ्याच जागेतले आहेत. मोले, बोंडला, सुर्ल ही जंगलं आवडतात, जातोही, पण तिथे आपण पाहुणे. पाहुण्याला जे समोर येईल ते टिपावं लागतं. घरच्या झाडावर मात्र काल अंडं होतं तिथे आज काय आहे हे बघता येतं.

प्रचि (प्रकाशचित्र) १ : आंब्याचं पान. (हो, एवढंच. नीट बघा.)

प्रचि २ : तेच पान, जवळून.

हा कॉमन बॅरन या फुलपाखराचा सुरवंट. आंबा आणि काजू ही त्याची खास झाडं, म्हणजे अख्ख्या गोव्यात त्याला अन्नछत्र उघडलेलं आहे. हिरवं अंग, पाठीवर मधोमध फिकट पिवळी रेघ, आणि दोन्ही बाजूंना पिसांसारखे फुटलेले लांब काटे. तो पानावर कुठेही बसत नाही. बरोबर मधल्या शिरेवर बसतो, पाठीची रेघ शिरेला जुळवून. बाजूचे काटे पानावर सपाट पसरले की अंगाची सावलीच पडत नाही. प्रचि २ मध्ये काट्यांची टोकं बघा, प्रत्येक काट्याला दुतर्फा बारीक काटे आहेत. हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मॅक्रोत दिसतं. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

प्रचि ३ : केळीच्या गुंडाळलेल्या पानाच्या आत. जायंट रेडआय. पान उलगडलं की आत मेणाच्या पांढऱ्या तंतूंनी भरलेला सुरवंट, कोणी कापूस पिंजून ठेवलाय असं वाटावं. माडाच्या झावळ्यांवरही मिळतो. पतंगासारखं दिसणारं याचं फुलपाखरू संध्याकाळच्या अंधुक उजेडात उडतं, डोळे लालभडक. लोक केळीवरची कीड म्हणून पान ओरबाडून टाकतात, त्याआधी एक फोटो काढा एवढीच विनंती.

प्रचि ४ : पोफळीच्या झावळीवर टेल्ड पामफ्लाय फुलपाखराची मादी. वरून स्ट्राइप्ड टायगर या फुलपाखरासारखी नारिंगी. टायगर कडू, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. ही कडू नाही, पण त्याच अंगरख्यात फिरते.

सामान : जुना क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५५-२५० झूम, तिच्यापुढे लावायचं रेनॉक्स २५० भिंग, आणि एक साधा फ्लॅश. फ्लॅशच्या डिफ्यूझरचा (उजेड मऊ करणाऱ्या घरगुती आडोशाचा) फोटो टाकत नाही, घरची मंडळी हसतात तेवढं पुरे.

---

मडगावकरीण

प्रचि १ मध्ये सुरवंट आहे?! मी झूम करून करून थकले. मग प्रचि २ बघून परत वर गेले तेव्हा कुठे दिसला. आमच्या अंगणात मानकुराद आंबा आहे, उद्या सकाळीच पानं उलटते.

---

पोफळीखाली

@मडगावकरीण, उलटू नका, वरूनच बघा. हा पानाच्या वरच्या बाजूला बसतो. आणि आधी कुरतडलेली पानं शोधा. शेंड्याकडून खाल्लेलं पान दिसलं की आसपासच्या चांगल्या पानांच्या शिरा तपासायच्या.

---

काजूबोंड

धागा वर राहू दे रे बाबांनो.

बॅरन मोठा झाल्यावर कुठे भेटतो ते मी सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या भट्टीवर या. बोंडं मळून रस काढला की उरलेला चोथा बाहेर टाकतात, तो दोन दिवसांत आंबतो. त्या वासाला बॅरन येतो, ब्लॅक राजा येतो, इव्हनिंग ब्राऊन तर चोथ्याच्या रंगात मिसळून बसलेला असतो. ही फुलावर न जाणारी जात. फुलबागेत कितीही उभे राहा, राजा येणार नाही. एरवी माणूस दहा फुटांवर आला की उडणारा बॅरन इथे सोंड खुपसून बसला की लेन्स नाकाला लागली तरी हलत नाही. आमच्याकडची माणसंही तशीच, म्हणा.

पण एक बघून ठेवा. काजूला मोहोर येतो तेव्हा टी मॉस्किटो बग या किडीसाठी बागांत फवारणी होते. फवारलेल्या बागेत सुरवंट शोधू नका, मिळायचेही नाहीत आणि अंगाला औषध लागेल ते वेगळं.

---

नवशिक्या नेत्रावळी

वाचतोय आणि हेवा वाटतोय. माझ्याकडे १८-५५ किट लेन्स आहे, बस्स. जवळ गेलो की फोकसच होत नाही. मित्राचा फ्लॅश लावला तर मागचं सगळं काळं कुळकुळीत. भर दुपारी काढलेला फोटो मध्यरात्री काढल्यासारखा. बजेट फारसं नाही. काय घेऊ?

---

अर्धवट फोकस

@नवशिक्या, सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं, मोठं किती दिसतं ते. १:१ म्हणजे किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटतो. क्रॉप सेन्सर साधारण २२-२४ मिमी रुंद, म्हणजे दोन सेंमीचा सुरवंट जवळपास फ्रेमभर. रेनॉक्स २५० हे +८ डायऑप्टरचं भिंग आहे, म्हणजे त्याची फोकल लेंग्थ १२५ मिमी. मागच्या लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर तिच्या फोकल लेंग्थला १२५ ने भागायचं. पोफळीखाली यांच्या २५० वर ते बरोबर २ पट देतं. तुमच्या ५५ वर अर्ध्याहूनही कमी, ०.४४. म्हणून किट लेन्सवर रेनॉक्स लावून हिरमुसू नका. आधी एखादी जुनी ५५-२५० किंवा ७०-३०० मिळवा, मग भिंग.

खिशातून जवळजवळ काहीच जाऊ द्यायचं नसेल तर १८-५५ उलटी लावा. रिव्हर्स रिंग म्हणून साधी धातूची कडी मिळते. १८ मिमीला उलटी लावली तर १:१ च्या कितीतरी पुढे जाते, मुंगीचं तोंड फ्रेमभर येतं. मात्र किडा लेन्सच्या अगदी तोंडाशी असतो आणि अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. कॅननवाल्यांची जुनी युक्ती : लेन्स सरळ असताना एफ ११ (एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक) ठेवायचा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि तसंच लेन्स काढायची. पाती तिथेच अडकतात.

आता फोकस. १:१ वर एफ ११ ला क्रॉप सेन्सरवर फोकसमध्ये राहणारी खोली एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. फुलपाखराचा डोळा फोकसमध्ये आला की मिशीचं टोक गेलंच समजा. मग लोक एफ २२ वर जातात. जाऊ नका. मॅक्रो लेन्सने जवळ गेल्यावर प्रत्यक्षातलं अ‍ॅपर्चर आणखी बारीक झालेलं असतं. १:१ ला एफ ११ म्हणजे कामाच्या दृष्टीने एफ २२ च. त्यापुढे विवर्तनाने (बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने) सगळाच फोटो मऊ पडतो. त्यापेक्षा सेन्सर पंखांना समांतर ठेवा. मिटल्या पंखांचं फुलपाखरू अगदी आडवं धरलं तर तेवढ्याच खोलीत अख्खं बसतं. यात गुडघे आणि पाठ दोन्हींची वाट लागते, पण खर्च शून्य.

ऑटोफोकस बंद. फोकसची रिंगही फिरवायची नाही. किती मोठं हवं ते आधी ठरवून टाका आणि स्वतः पुढे-मागे डोला. काडीवर किडा असेल तर ती काडी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरा आणि लेन्सचं तोंड त्याच हातावर टेकवा. वारा आला तर काडी, हात, कॅमेरा सगळं एकत्र हलतं. ट्रायपॉडपेक्षा हे बरं.

काळी पार्श्वभूमी : फ्लॅश पुढच्या विताभर जागेवर पडतो, मागे काही पोचत नाही. शटर १/२०० वरून १/८० ला आणा, आयएसओ ८०० करा, मागचा हिरवा उजेड येईल. किडा गोठवायचं काम फ्लॅशच करतो, कारण कमी पॉवरवर तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच पेटतो. किंवा सरळ मागे एखादं अळूचं पान धरा. मी धरतो.

आणि डिफ्यूझर हवाच हवा. बिटल, कोळी यांची पाठ चकचकीत असते, उघडा फ्लॅश मारला की पांढरा ठिपका. चिप्सचा नळकांडी डबा तिरका कापून तोंडाला ट्रेसिंग पेपर लावा. लेन्सच्या टोकापर्यंत यायला हवा, किड्याला तो आभाळाएवढा दिसला पाहिजे.

---

शटरमामा

एवढं डोलायची गरज काय? बरणीत पकडायचं, पाच मिनिटं फ्रिजमध्ये, मग फुलावर ठेवायचं. हवा तेवढा वेळ, हव्या त्या कोनात. वर पाण्याचा स्प्रे मारला की दवबिंदू. बाहेरदेशी पुष्कळ जण करतात.

---

वाळपईची वाट

मामा, आदर ठेवून सांगतो, हा धागा तसल्या फोटोंसाठी नाही.

आमच्या भागात म्हादई अभयारण्याच्या कडेला लोक असल्या बरण्या घेऊन येतात. अभयारण्यातून साधा मुंगळा उचलून आणायलाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्या फुलपाखराचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, त्याची सकाळ तुमच्या फ्रिजमध्ये काढायची?

---

शटरमामा

सकाळी बांगडे साफ करताना कोणाला दया येत नाही. किड्याला थंडी वाजली की लगेच कायदा!

---

काजूबोंड

बांगड्याला मध्ये आणू नका हो, तो पवित्र विषय आहे.

---

अर्धवट फोकस

नीतीचा वाद राहू द्या, फोटोपुरतं बोलू. फ्रिजमधला किडा ओळखू येतो. मिशा ढिल्या पडतात, पाय काडीला पकडत नाहीत, नुसते टेकलेले असतात.  त्यातून मॉर्मन फुलपाखरू नेऊन ठेवायचं गुलाबावर, ज्या गुलाबाकडे ते ढुंकूनही बघत नाही. ज्याला कळतं तो तिथेच ओळखतो.

आणि थंड किडाच हवा तर तो फुकट मिळतो. किड्यांच्या अंगात स्वतःची ऊब फारशी नसते. डिसेंबर-जानेवारीत शेतात सूर्य वर यायच्या आधी जा. चतुर, टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद) गवताच्या पात्याला लटकलेल्या असतात, अंगभर खरं दव. ऊन अंगावर येईपर्यंत हलत नाहीत.

---

मडगावकरीण

+१. आमच्या इथे खाजन (खाडीकाठच्या) शेतांत जानेवारीत असंच असतं. फक्त चिखलात गुडघाभर जायची तयारी हवी आणि कॅमेरा घरातून एकदम बाहेर काढायचा नाही. एसीच्या खोलीतून आणला की पहिली दहा मिनिटं लेन्स घामेजलेली. मी रात्रीच बॅग ओसरीवर ठेवते.

बरं, मला हे सांगा. आंब्यावर बॅरन मिळाला नाही (मुलगा म्हणाला, 'आई, तू झाडाला घाबरवतेस'), पण हुमल्यांचं (झाडावरच्या लाल मुंग्यांचं) घरटं मिळालं. त्याचा फोटो काढताना एक हुमला विचित्र दिसला. प्रचि ५. तोंड एवढं लांब कसं? आणि हात लावायला गेले तर धाग्यावरून खाली लोंबकळला!

---

पोफळीखाली

लॉटरी लागली तुम्हाला! हा हुमला नव्हेच, कोळी आहे. उड्या मारणाऱ्या कोळ्यांतला, हुमल्याची हुबेहूब नक्कल करणारा. पाय मोजा, आठ आहेत. पुढचे दोन उचलून मिशांसारखे हलवतो म्हणून सहा वाटतात. लांब तोंड म्हणजे नर. जबडे इतके लांब की एक मुंगी दुसरीला उचलून नेतेय असं भासतं. आणि धागा सोडून खाली उतरला तिथेच पकडला गेला, मुंगीला ते जमत नाही. फोटोत डोळेही पाहा. पुढे दोन टपोरे, काचेच्या मण्यांसारखे.

आणखी एक चोर शोधा त्याच झाडावर. एक खेकडा कोळीही हुमल्यासारखा दिसतो, पण तो हुमलेच खातो.

घरटं शिवताना दिसलं तर सोडू नका. कामकरी मुंग्या पानं ओढून धरतात आणि दुसऱ्या आपली अळी जबड्यात घेऊन या पानावरून त्या पानावर फिरवतात. रेशीम त्या अळीचं असतं. हा फोटो मला अजून मनासारखा मिळालेला नाही. फुल बाह्यांचा शर्ट घाला, बाह्या रबराने बांधा.

---

वाळपईची वाट

हुमल्यांवरून भर. आमच्याकडे माट्टीची (ऐनाची) झाडं पुष्कळ. त्याच्या कोवळ्या पानांवर हुमल्यांची गर्दी दिसली तर नीट बघा, मध्ये ओकब्लू फुलपाखराचा सुरवंट सापडतो. तो हुमल्यांना गोड द्रव देतो, हुमले त्याची राखण करतात. इथे मुंग्या म्हणजे वाटाड्या.

---

मुंबैचा पाव्हणा

मस्त धागा. आम्ही डिसेंबरात चार दिवस येतोय. समुद्र बायकोमुलांना, मला किडे. कुळागर नाही, काजू नाही, तर कुठे जाऊ?

---

वाळपईची वाट

ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला उत्तम काळ. पाऊस संपलेला, झाडं हिरवी, फुलपाखरं भरपूर. बोंडला जेमतेम ८ चौरस किलोमीटरचं, मुलांनाही नेता येईल. मोले मोठं, राष्ट्रीय उद्यान धरून २४० चौरस किलोमीटर. तिथे ओढ्याकाठची ओली वाळू धरून बसा. ब्लूबॉटल आणि जे या फुलपाखरांचे थवे चिखल चोखत बसलेले असतात, बहुतेक सगळे नर. त्यांना पाण्यातले क्षार हवे असतात, मिलनाच्या वेळी त्यातला काही वाटा मादीलाही जातो. एकदा रमले की पोटावर सरपटत जवळ जाता येतं. फक्त तुमची सावली त्यांच्यावरून जाऊ देऊ नका, एक उडालं की सगळा थवा उठतो. वेळ कमी असेल तर फोंड्याजवळ प्रियोळला फुलपाखरांसाठी राखलेली खासगी बाग आहे, झाडांवर नावं लावलेली, सुरुवातीला तेही छान.

रस्त्याच्या कडेला वाळलेला खुळखुळा दिसला तर गाडी थांबवा. ब्लू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरं त्याच्या सुकल्या काड्या खरवडून रस शोषतात. त्यातल्या अल्कलॉइडपासून नर मादीला बोलावणारा गंध तयार करतात. ही मंडळी कडू असल्यामुळे बेफिकीर, नवशिक्यालाही फोटो देतात.

दुर्मीळ काही मिळालं तर फोटोसोबत जागेची खूण टाकू नका. तालुका लिहिला की पुरे. शटरमामांचे भाईबंद सगळीकडे आहेत.

---

शटरमामा

वाचतोय मी.

(दवाचं पटलं. जानेवारीत बघू.)

---

नवशिक्या नेत्रावळी

अर्धवट फोकस यांचे आभार मानावे तेवढे थोडे. ७०-३०० जुनी मिळाली, भिंगही घेतलं. दोन प्रश्न. एक, पावसाळ्यात हे सगळं ठेवू कुठे? विकणाऱ्याने 'कपाटात ठेव, काही होत नाही' म्हणून सांगितलं आणि लेन्समध्ये टॉर्च मारली तर कडेला कोळिष्टकासारखं काहीतरी दिसतंय.

दुसरा, प्रचि ६. कढीपत्त्यावरच्या सुरवंटाने पाठीवर पांढरी अंडी घातलीत. सुरवंट अंडी घालतात का? की हा वेगळा काही प्रकार?

---

काजूबोंड

विकणाऱ्याच्या कपाटात नक्की काहीतरी होतं, तेच तुमच्याकडे आलंय.

---

अर्धवट फोकस

ती बुरशीच. कडेला असेल तर फोटोत अजून फरक पडणार नाही, पण बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा. गोव्यात जून ते सप्टेंबर कपाट म्हणजे बुरशीची शेती. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा, ६० च्या वर जाऊ द्यायचा नाही. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरता येतं. निळं जेल असेल तर त्यासाठी जुनी कढई वेगळी काढा, त्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात नको. आणि डब्यात नुसतं ठेवून विसरू नका, अधूनमधून काढून वापरा.

प्रचि ६ चं उत्तर : ती अंडी नाहीत. एका बारक्या गांधीलमाशीने सुरवंटाच्या अंगात अंडी घातली होती. अळ्या आतल्या आत वाढल्या, कातडी फोडून बाहेर आल्या आणि तिथेच कोष विणून बसल्या. ते पांढरे तांदूळ म्हणजे त्यांचे कोष. सुरवंट अजून हलत असेल, पण त्याचं फुलपाखरू होणार नाही.

---

नवशिक्या नेत्रावळी

अरे देवा. काढून टाकू का ते कोष? वाचेल का?

---

पोफळीखाली

नाही वाचणार, आतून पोखरला गेलाय. आणि कोष काढू नका. ही माशी नसती तर तुमच्या कढीपत्त्यावर पान राहिलं नसतं.

त्यापेक्षा ती फांदी तशीच झाडावर असू द्या आणि रोज सकाळी बघा. काही दिवसांत कोषांची टोपणं उघडतील. माश्या दोन-तीन मिलिमीटरच्या, काळ्या, पारदर्शक पंखांच्या. पहिली बाहेर यायच्या आत फ्लॅश, डिफ्यूझर, सगळं जोडून तयार ठेवा. झूम ३०० ला, अ‍ॅपर्चर एफ ८. बाहेर आल्यावर पंख सुकेपर्यंत तिथेच चालतात, तेवढाच वेळ. फोटो आला तर इथेच टाका, वेगळा धागा नको.